शाळा सुटल्यावर

अल्मा थॉमस १९६० साली निवृत्त झाल्या तेव्हा ६८ वर्षांच्या होत्या. वॉशिंग्टनच्या शॉ ज्युनियर हायस्कूलमध्ये त्यांनी ३५ वर्षं मुलांना चित्रकला शिकवली होती. एप्रिल १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचं एकल प्रदर्शन भरलं. तिथे हा मान मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री चित्रकार. वय ८०. उतारवयात बहरलेली प्रतिभा म्हणून ही हकीकत पुनःपुन्हा सांगितली जाते, आणि दरवेळी मला ते अन्यायाचं वाटतं. उशीर थॉमसबाईंकडून झालाच नव्हता.

त्यांचा जन्म १८९१ चा, जॉर्जिया राज्यातल्या कोलंबसचा. वांशिक हिंसाचार आणि मुलींचं शिक्षण या दोन्ही काळज्यांनी १९०७ साली कुटुंब वॉशिंग्टनला आलं. दक्षिणेत असताना संग्रहालयाची पायरी चढायलाही या मुलींना मज्जाव होता. १९२४ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाच्या कलाविभागातून त्या पदवीधर झाल्या. त्या विभागाच्या त्या पहिल्याच पदवीधर. पण चित्रांवर पोट भरेल अशी सोय कृष्णवर्णीय बाईला कुठे होती? शाळेची नोकरी धरली आणि ती मनापासून केली. मुलांसाठी शाळेतच चित्रं आणून लावली. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमीजिएटची मुलं तयार करता करता स्वतःचे कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवणारे ड्रॉइंग मास्तर ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही वर्षं वेगळी समजावून सांगायला नकोत.

पन्नाशीच्या अखेरीस बाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. शाळा सांभाळून अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या वर्गांना जाऊ लागल्या आणि तिथे त्यांचं चित्र हळूहळू अमूर्ताकडे वळलं. निवृत्तीनंतर दिवस हाती आला, तर संधिवाताने बोटं धरली. १९६४ च्या सुमारास चित्रकला सोडावी असंही त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात हॉवर्डने त्यांच्या आजवरच्या कामाचं प्रदर्शन १९६६ मध्ये भरवायचं ठरवलं. जुनं काम मांडून मोकळं होता आलं असतं. पण आजवर केलं नाही असं काहीतरी त्यात हवं, हा त्यांचा हट्ट.

ते नवं त्यांना घराच्या खिडकीत सापडलं. बाहेरच्या हॉलीच्या झाडातून उजेड तुकड्यातुकड्यांनी आत यायचा. त्यांनी कॅनव्हासवर पेन्सिलीच्या पुसट रेघा आखल्या आणि ॲक्रिलिकचे आखूड, जाड फटकारे शेजारी शेजारी ठेवत नेले. मधल्या फटींतून पांढरं डोकावत राहिलं. कधी उभे पट्टे, कधी एकात एक वर्तुळं. यात सांधे धरलेल्या हाताची तडजोड शोधणाऱ्यांशी मी सहमत नाही. कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी धडधडेल याची इतकी पक्की जाण आयुष्यभर रंग पाहिल्याशिवाय येत नाही. १९६६ चं ‘रेझरेक्शन’ हे वर्तुळांचं चित्र २०१५ मध्ये व्हाइट हाउसच्या संग्रहात गेलं. कृष्णवर्णीय स्त्रीचं तिथलं पहिलं चित्र.

व्हिटनीचं दारही आपोआप उघडलं नाही. १९६८ पासून कृष्णवर्णीय कलावंत त्या संग्रहालयाबाहेर निदर्शनं करत होते, आपल्या चित्रांना जागा मागत होते. थॉमसबाई चळवळीत घोषणा देणाऱ्यांपैकी नव्हत्या. नागरी हक्कांसाठीच्या १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चावर त्यांनी चित्र काढलं, पण पुढे त्या फुलं, बागा आणि चंद्रावर निघालेली यानं यांतच रमल्या. अपोलो १० च्या चांद्रयानाचं टोपणनाव ‘स्नूपी’. ते त्यांच्या चित्रांच्या शीर्षकांतही आलं. या निवडीबद्दल त्यांच्यावर टीका झाली. मला मात्र ऐंशीव्या वर्षी, एवढं सोसल्यावर, आनंद हाच विषय घेणं कणखरपणाचं वाटतं. व्हिटनीतल्या प्रदर्शनाच्याच वर्षी, सप्टेंबर १९७२ मध्ये, त्यांच्या स्वतःच्या शहरात, कॉर्कोरन गॅलरीत, त्यांचं मोठं प्रदर्शन झालं.

मोठे कॅनव्हास त्या घरातच रंगवत, मांडीवर घेऊन, सोफ्याला टेकवून. १९७४ मध्ये त्या पडल्या, खुब्याला मार बसला, काम थांबलं. १९७६ मध्ये त्यांनी नाचत्या-गात्या लाल अझेलियांचं चित्र पूर्ण केलं: तीन कॅनव्हास जोडून सुमारे १३ फूट रुंद, त्यांच्या सगळ्या कामातलं सर्वांत भव्य.