रिपोर्ट नॉर्मल, पण कळ खरी

जेवण झालं की बेंबीच्या वर कळ उठते, थेट पाठीत जाते. माणूस पुढं वाकून, गुडघे पोटाशी धरून बसतो. रोजगार हमीवर मुकादम त्याला कामचुकार म्हणतो, दवाखान्यात पहिला प्रश्न, "दारू किती घेता?" गळ्यात माळ असली तरी हाच! दारूनं स्वादुपिंड सुजतं हे खरंच. पण आपल्या देशात थेंबही न घेणाऱ्या तरुणांनाही हा जुनाट आजार होतो. ग्रंथी झिजली की रक्तातलं अमायलेज बऱ्याचदा वाढत नाही, सुरुवातीला सोनोग्राफीतही दिसेलच असं नाही. तेव्हा कळ कधी उठली, काय खाल्लं होतं, वजन किती घटलं, शौचास तेलकट होते का, हे तारखेनिशी वहीत लिहून न्या. सीटी स्कॅनचं विचारा. साखरही तपासून घ्या. या दुखण्यामागून मधुमेह येऊ शकतो.