करवंटीतलं बाळंतपण

मासे पाळायचे आणि खायचे नाहीत, ही गोष्ट आजींच्या पचनी पडायला आठवडा लागला. आजी म्हणजे आमच्या दोघांपैकी एकाची आई आणि दुसऱ्याच्या सासूबाई. माहेर गोव्यात पेडण्याला, सासर ठाण्याला. २०२० च्या जानेवारीत चार महिन्यांसाठी म्हणून आमच्याकडे डॅलसला आल्या, मार्चमध्ये भारताची विमानं बंद झाली आणि आजी इथेच अडकल्या. लेकीची शाळा जेवणाच्या टेबलावर, आमची ऑफिसं दोन बेडरूममध्ये. लेकीला कुत्रा हवा होता. आम्हाला नको होता. तडजोड म्हणून मासे आले.

दुकानातल्या माणसाने सुचवली ती क्रिबेन्सिसची जोडी. हा सिक्लिड घराण्यातला छोटा मासा; नर फार तर १० सेंटिमीटर, मादी ७. मूळ गाव दक्षिण नायजेरिया आणि शेजारचा कॅमेरूनचा किनारा. शास्त्रीय नाव पेल्विकाक्रोमिस पुल्चर. कॅमेरूनमध्ये क्रिबी नावाचं गाव आहे, त्यावरून पडलेलं 'क्रिबेन्सिस' हे नाव खरं याच्या चुलतभावाचं, पण बाजारात ते यालाच चिकटलं. सिक्लिडांच्या दीड हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्या बहुतेक आफ्रिकेत नाहीतर दक्षिण आणि मध्य अमेरिकेत. भारताच्या वाट्याला फक्त तीन आल्या, आणि त्यातला एक म्हणजे गोव्याचा कालुंदर, ज्याला केरळात करीमीन म्हणतात. हे आजींना सांगितलं मात्र, त्यांनी खुर्ची टाकीजवळ ओढली. "कालुंदराच्या भावकीतले होय! मग बघायला हवेत."

या घराण्याची ख्याती अशी की बहुतेक मासे अंडी टाकून पुढे निघून जातात, पण इथे पिल्लांची जबाबदारी घेतली जाते. क्रिबेन्सिसमध्ये तर आई आणि बाप दोघंही राबतात. आणखी एक गंमत म्हणजे नटण्यामुरडण्याचं काम इथे मादीकडे. दिवस जवळ आले की तिचं पोट पिकत आलेल्या करवंदासारखं लालजांभळं होतं आणि ती नरासमोर धनुष्यासारखं अंग वाकवून थरथरते.

टाकी २० गॅलनची, ३० इंच लांब. तळाला बारीक वाळू, थोडी जावा फर्न, पाणी २६ अंश सेल्सिअस. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निघतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. ही वस्ती फिल्टरमध्ये जमायला पाच-सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टाकीत थेंब थेंब अमोनिया घालत बसायचं. लोणच्यासारखी टाकी मुरू द्यावी लागते, असं आम्ही लेकीला सांगितलं.

हे मासे अंडी घालतात ती गुहेच्या छताला. दुकानात त्यासाठी मातीच्या गुहा मिळतात, पण आजींनी सोलकढीसाठी नारळ फोडला होता. त्याची अर्धी करवंटी आम्ही दोन-तीनदा उकळली, पाणी चहासारखं व्हायचं थांबेपर्यंत. काठाला दीड इंचाचं दार कापलं आणि ती वाळूत पालथी घातली. तासाभरात मादीने आत-बाहेर करून जागेची पाहणी केली. दुसऱ्या दिवशी ती तोंडाने वाळू उपसून बाहेर टाकत होती.

पहिलं बाळंतपण ऑगस्टमध्ये झालं. मादी आठ दिवस आत, नर दारावर पहारा देत बाहेर. अंडी फुटायला तीनेक दिवस, मग पिल्लं पोहायला लागेपर्यंत आणखी चार-पाच. नवव्या सकाळी आई बाहेर आली ती शंभरेक पिल्लांचा ढग घेऊन. संध्याकाळी त्यातली वीस उरली. आम्ही बापावर संशय घेतला आणि त्याला नाही नाही ते बोललो. दोन दिवसांनी फिल्टर साफ करायला उघडला, तर बाकीची पिल्लं त्यातल्या फोमला चिकटलेली! फिल्टरच्या नळीने ती ओढून घेतली होती. आमच्यापैकी एकाने इथे मास्टर्स केलं ते द्रवांच्या प्रवाहात, हे नमूद केलेलं बरं. उरलेली वीस आठवडाभरात गेली. त्यांच्या तोंडात मावेल असं खाणंच आम्ही तयार ठेवलं नव्हतं.

ऑक्टोबरात पुन्हा अंडी झाली. या वेळी आम्ही नको तेवढे शहाणे झालो होतो. अंड्यांसकट करवंटी उचलून वेगळ्या बरणीत ठेवली, बुरशी येऊ नये म्हणून मिथिलीन ब्लू घातलं, हवेचे बुडबुडे सोडले. पुस्तकातही ही पद्धत आहे. निम्म्या अंड्यांना बुरशी आलीच, निम्मी फुटली. इकडे मोठ्या टाकीत मादी करवंटीच्या रिकाम्या जागेभोवती दोन दिवस फिरत राहिली आणि तिसऱ्या दिवशी नरावर तुटून पडली. त्याची शेपटी फाटली, तो हीटरमागे पाण्याच्या वरच्या कडेला लपून राहिला. शेवटी त्याला बादलीत हलवलं. आजी म्हणाल्या, "पोरं तुम्ही काढून घेतलीत. ती राग काढणार कुणावर?" सिक्लिडांच्या जोड्या अशा मोडतात, हे आम्हाला नंतर वाचून कळलं.

बरणीतली पिल्लंही चौथ्या दिवशी मेली. आमच्या भागात नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असतं, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांची जोडगोळी. ते नुसतं पाणी रात्रभर ठेवून उडून जात नाही, औषध घालावं लागतं. औषधाने जोडगोळी फुटते, पण अमोनिया मागे राहतो. मुरलेल्या टाकीत तो जिवाणू फस्त करतात. बरणीत जिवाणू कुठले? आम्ही रोज इमानेइतबारे पाणी बदलत होतो आणि रोज थोडं विष घालत होतो. त्या रात्री लेकीने टाकीचा दिवा मालवला आणि टाकीसमोरची आपली खुर्ची उचलून टेबलाशी नेऊन ठेवली. काही बोलली नाही. जेवताना आम्हीही फारसं बोललो नाही.

नराची शेपटी भरून यायला तीन आठवडे लागले. मग टाकीत मधे जाळी लावून दोघांना आठ दिवस नुसतं एकमेकांकडे बघू दिलं आणि जाळी काढली. पुन्हा जमलं. ३१ जानेवारी २०२१ ला मादी करवंटीत दिसेनाशी झाली. या खेपेला अंड्यांना हात लावायचा नाही, असं घरात ठरलं. जुना फिल्टर काढून स्पंजचा बसवला, त्यात पिल्लू ओढलं जात नाही. पण नवा स्पंज तसाच लावून चालत नाही. तो महिनाभर आधीपासून जुन्याच्या शेजारी मुरत ठेवला होता.

दुसरी तयारी खाण्याची. ब्राइन श्रिम्प या खाऱ्या पाण्यातल्या जीवाची सुकी अंडी डब्यात मिळतात, बरीचशी यूटाच्या ग्रेट सॉल्ट लेकमधली. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली बूड कापून उलटी टांगायची. लिटरला २५ ग्रॅम मीठ, पाणी २७-२८ अंश, वर दिवा, तळातून जोराची हवा. २४ तासांत नारिंगी धूळ वळवळायला लागते. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात, जीव खाली उजेडाकडे जमतात. ते नळीने काढून गोड्या पाण्यात धुऊन घ्यायचे. जन्मल्यावर काही तासांत पिल्लांच्या पोटात गेले तर उत्तम, नंतर त्यांच्या अंगातला बलक संपतो आणि कस जातो. म्हणून दोन बाटल्या, बारा तासांच्या अंतराने. उघडलेला डबा फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. आमच्याकडे तो लिंबाच्या लोणच्याशेजारी असे आणि त्यावर आजींनी मराठीत 'खाऊ नये' असं लिहून ठेवलं होतं. जोडीला ओट्सच्या लापशीत वाढवलेल्या मायक्रोवर्म नावाच्या सूक्ष्म अळ्यांचा एक डबा. त्याचा वास आंबलेल्या पिठासारखा येतो. सवय होते.

८ फेब्रुवारीला पिल्लं बाहेर आली. आम्ही मीटिंगांत, त्यामुळे टाकीसमोर वाती वळत बसलेल्या आजीच आम्हाला बातम्या देत. आई पंखांना जरा झटका देते आणि सगळी पिल्लं जागच्या जागी वाळूला चिकटून गप्प होतात, हे पहिल्यांदा त्यांनी पाहिलं. मोठा चारा आई तोंडात घेते, चावते आणि पिल्लांमध्ये फुंकून देते. एखादं भरकटलं तर बाप ते तोंडात धरून आणतो आणि घोळक्यात थुंकतो. पहिल्यांदा ते बघताना लेक किंचाळली होती. दिवे मंद झाले की दोघं मिळून एकेकाला उचलून करवंटीत नेतात. हे चालू असताना एकदम अंधार केला तर काही पिल्लं बाहेर राहतात, म्हणून आम्ही दिवा पायरीपायरीने कमी करायला लागलो.

पिल्लं आठवड्याची झाली आणि टेक्सासमधलं ते वादळ आलं. १५ फेब्रुवारीच्या पहाटे वीज गेली. डॅलसच्या विमानतळावर दुसऱ्या दिवशी पारा उणे १९ वर उतरला. आमच्याकडे तीसेक तासांत वीज दोनदा येऊन अर्ध्या तासात पुन्हा गेली. घरात १० अंश, टाकीतलं पाणी दर तासाला उतरतंय. उष्णता सगळ्यात जास्त जाते ती उघड्या पृष्ठभागावरून, म्हणून वर थर्मोकोल ठेवला. तीन बाजूंनी आजींची गोधडी गुंडाळली, जी त्यांनी लेकीच्या जन्माच्या वेळी आणली होती. गॅस चालू होता. देवघरातली काडेपेटी आणून तो पेटवायचा, पाणी तापवायचं, बाटल्यांत भरून टाकीत तरंगत सोडायचं. मासेमारीवाले आमिषाच्या बादलीला लावतात तो बॅटरीचा पंप गराजमध्ये सापडला, त्यावर स्पंज चालू ठेवला. हवा थांबली असती तर मासे तर मासे, जिवाणूही गुदमरले असते. ब्राइन श्रिम्पची बाटली गारठून बंद पडली. लापशीतल्या अळ्यांनी निभावून नेलं. रात्री आम्ही दोघांनी पाळ्या लावल्या होत्या, पण आजी कोट घालून सोफ्यावरच बसून राहिल्या. पाणी सगळ्यात खाली गेलं ते २० वर. टॉर्च मारून बघितलं तेव्हा मादी करवंटीच्या दारात आडवी होती आणि नर तिला खेटून.

वीज कायमची आल्यावर हीटर एकदम २६ वर न नेता तासाला अर्धा अंश असा चढवला. दुसऱ्या दिवशी उजेड झाला आणि आई बाहेर आली. मागे ढग होता, जरा विरळ. मेलेली दहा-बारा नळीने काढली. नंतर हलवताना मोजली, ती ६३ भरली. आजी मार्चअखेरीस ठाण्याला परतल्या. सहा आठवड्यांनी आईबाप पिल्लांना आपणहूनच हाकलायला लागले, तेव्हा ती मोठ्या टाकीत नेली.

चार महिन्यांनी नर-मादी ओळखू येऊ लागल्यावर हिशेब लागला तो ४७ माद्या आणि १६ नर असा. हा योगायोग नसावा. क्रिबेन्सिसमध्ये पिल्लं लहान असतानाच्या पाण्याचा परिणाम लिंगावर होतो. पाणी आम्लधर्मी असेल तर नर जास्त होतात, असं १९८५ आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसलं आहे. आमच्या नळाचं पाणी ७.८ पीएचचं, म्हणजे चांगलंच उलट्या बाजूचं. पुढच्या खेपांना टाकीत पीट घालून ते ६.८ पर्यंत आणलं, तेव्हा जवळजवळ बरोबरी झाली. ठाण्याला फोनवर हे सांगितलं, तर आजींनी एकच विचारलं, "सत्तेचाळीस मुली उजवल्यात कशा?" दुकानदाराने तीसेक घेतल्या आणि मोबदल्यात खाण्याचे डबे दिले. बाकीच्या मंडळातल्या ओळखीच्या घरांत गेल्या.

मूळ जोडी आता नाही. सध्या टाकीत आहे ती त्यांची नात, आणि तिला नवरा मुद्दाम दुसऱ्या घरातला आणला आहे. गेले तीन दिवस ती करवंटीतून बाहेर आलेली नाही. काल रात्री बाटलीत मीठ मोजून ठेवलं. मंडळाच्या कोजागिरीपर्यंत पिल्लं द्यायच्या वयाची होतील. कुणाला जोडी हवी असल्यास अवश्य सांगावं. टाकी मात्र आधी दीड महिना मुरवून ठेवावी, आणि करवंटी आपापली आणावी.