पुलीला विचारून घेतलेला पट्टा

संपादकांना लेख हवा होता पद्मिनीवर. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीला ती रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून घरोघरी झाकून ठेवलेल्या पद्मिनी पुन्हा उभ्या करून घेण्याची हौस वाढलेली दिसते. म्हणून पुण्यात नाना पेठेजवळच्या एका गॅरेजात गेले. रंग, क्रोम, सीटकव्हर यांवर लिहीन असं मनात होतं. तिथे तीन दिवस गेले आणि वहीत भरला तो फक्त फॅन बेल्ट.

इतिहास थोडक्यात सांगते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. इटलीच्या फियाटशी करार झाला, १९६४पासून अकराशे डिलाइट बनू लागली. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४च्या सुमारास तिला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि स्टिअरिंगजवळचा गिअर. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी गाडी पहिल्यांदा हातात घेतली ती हीच.

या इंजिनाच्या तोंडाशी एकच पट्टा फिरतो. क्रँकच्या पुलीवरून तो पंखा आणि वॉटर पंपाकडे जातो, तिथून डायनॅमोकडे. तो तुटला की चार्जिंग बंद होतं, पाणी फिरायचं थांबतं, काही मिनिटांत इंजिन उकळतं आणि अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. गाडीवर लाखभर रुपये घालणारा मालक या पट्ट्यासाठी मात्र पोराला दुकानात पिटाळतो. "फियाटचा पट्टा दे" एवढंच सांगून.

मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी मला आधी एक नवाकोरा पट्टा दाखवला. गाडीमालकानेच आणून दिलेला. त्यावर ए अक्षर आणि पुढे आकडा. "ताई, हा कारखान्यातला पट्टा. मोटर-पंपाचा, मशीनचा. लांबी जुळली म्हणून दुकानदारानं दिला." त्यांनी तो क्रँकच्या पुलीवर ठेवला. खाचेत बसेना, वरच तरंगत राहिला. ए जातीच्या पट्ट्याची वरची रुंदी १३ मिलिमीटर असते आणि त्याच्यावरचा आकडा आतल्या बाजूची लांबी इंचांत सांगतो. गाडीच्या पट्ट्यावर एव्ही १० × ९०० असं काही छापलेलं असतं. तिथे १० ही वरची रुंदी आणि ९०० ही बाहेरची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. एक आतून मोजतो, दुसरा बाहेरून. आकडे नुसते जुळवत बसलं तर घोटाळा ठरलेलाच.

हा पट्टा काम कसा करतो, ते मी त्या बाकड्याशीच शिकले. पट्टा खाचेच्या तळावर टेकत नाही, टेकूही नये. ताण पडला की तो पाचरीसारखा दोन उतरत्या भिंतींमध्ये आवळला जातो आणि पकड तिथे येते. तेवढ्याच ताणाला सपाट पट्ट्याच्या जवळजवळ तिप्पट. १९१७मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या गेट्स कंपनीत असा रबरी पट्टा तयार झाला आणि मोटारींतले दोर व चामडी पट्टे हळूहळू गेले. इतकी साधी युक्ती शंभर वर्षांनंतरही मला थक्क करते.

मिस्त्रींनी डायनॅमोची पुली माझ्या हातात दिली. "तळ बघा." तळ आरशासारखा चकाकत होता. म्हणजे भिंती झिजल्या होत्या, पट्टा खाली उतरून तळावर घासत होता. अशा वेळी तो घसरतो, किंचाळतो. मग कोणीतरी पहार अडकवून डायनॅमो आणखी ओढतो. किंचाळणं थांबतं आणि तो जादा ताण वॉटर पंपाच्या आणि डायनॅमोच्या बेअरिंगवर जातो. चार महिन्यांनी पंप गळायला लागला की दोष पंपाला.

लांबी काढायची त्यांची रीत मला फार आवडली. सुतळीने मोजत नाहीत, सुतळी खाचेत खोल उतरते. योग्य रुंदीचा एक जुना पट्टा त्यांनी कापून ठेवला आहे. डायनॅमो पट्टीच्या खाचेत आत सरकवून, पुढे ओढायला भरपूर जागा ठेवून ते बोल्ट हलका आवळतात. मग कापलेला पट्टा तिन्ही पुल्यांवरून फिरवून दोन टोकं जिथे भेटतात तिथे खडूची रेघ मारतात. पट्टा फरशीवर सरळ करून टेपने मोजतात. हीच जवळजवळ बाहेरची लांबी. रुंदी व्हर्नियरने, पुलीच्या काठाशी. "जुन्या पट्ट्याला विचारू नका, तो ताणलेला असतो. पुलीला विचारा."

बसवताना पट्टा डायनॅमो पूर्ण ढिला करून हातानेच चढला पाहिजे. स्क्रू ड्रायव्हर घालून पुलीच्या काठावरून उचकटला तर आतले धागे तुटतात. वरून काही दिसत नाही आणि पट्टा घाटात दगा देतो. तिन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, हे ते लोखंडी पट्टी लावून बघतात. शेवटी सर्वांत लांब पदराच्या मधोमध अंगठा. एक ते दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. इंजिन दहा मिनिटं चालवायचं, बंद करायचं, पुन्हा अंगठा. नवा पट्टा खाचेत बसताना हमखास ढिला होतो.

आता अडचणी. मूळ वेष्टनातला जुना साठा सापडला की हौशी माणसं हरखतात. रबराला मात्र वय असतं. वीस वर्षं दुकानात टांगलेला पट्टा उलटा वाकवला की बारीक भेगा उघडतात. मिस्त्रींनी माझ्यासमोर दोन वाकवले, दोन्ही फाटले. त्यापेक्षा आजच्या बनावटीचा, आतून दातेरी पट्टा बरा. छोट्या पुलीवर तो सहज वळतो. कारखान्यातून निघाला तसाच हवा म्हणणाऱ्यांना तो डोळ्यांना खुपतो, पण मी मिस्त्रींच्या बाजूने आहे.

पट्टा मिळतो. खरी वाण आहे ती पुल्यांची. मी बघत होते त्या गाडीचा डायनॅमो काढून कोणीतरी दुसऱ्याच गाडीचा अल्टरनेटर बसवला होता. त्याच्या पुलीची खाच रुंद, बाकी दोन अरुंद. अशा गाडीला योग्य पट्टा जगात नसतो. एकीकडे तो बसला तर दुसरीकडे बुडतो. एसीसाठी जादा पुली ठोकलेल्या गाड्यांचे हाल आणखी वेगळे.

मग लेथवाल्याकडे जायचं. मिस्त्रींचा लेथवाला दोन गल्ल्या पलीकडे बसतो. पट्टा वाकला की त्याची आतली बाजू फुगते आणि कोन बदलतो, म्हणून छोट्या पुलीची खाच ३४ अंशांच्या आसपास आणि मोठीची ३८पर्यंत ठेवावी लागते, हे त्याला ठाऊक आहे. सगळीकडे सरसकट ४० अंश कापून देणारे पुष्कळ आहेत. भरीव पुली तो कातून देतो. वॉटर पंपाची पत्र्याची दाबून केलेली पुली मात्र वाकली किंवा गंजली, तर त्याच्याकडेही इलाज नाही. मग भंगारात पडलेली दुसरी पद्मिनी शोधायची, आणि तशा गाड्या दर पावसाळ्यात कमी होत चालल्या आहेत.

तुमच्या दारात पद्मिनी उभी असेल आणि ती विकायची किंवा मोडीत काढायची ठरली असेल, तर या तीन पुल्या आधी काढून तेल लावून ठेवा. कुणाची तरी गाडी त्यांच्यावाचून अडलेली आहे.