बीटलची पेट्रोल नळी : समज आणि वस्तुस्थिती

अंधेरी, मुलुंड किंवा बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीत कव्हर घालून ठेवलेली जुनी फोक्सवॅगन बीटल अजूनही दिसते. मालक तिचा रंग जपतो, क्रोम घासतो, टायर बदलतो. करंगळीएवढ्या जाडीची पेट्रोलची रबरी नळी मात्र वर्षानुवर्षं तशीच राहते. बीटलच्या इंजिनाला आग लागण्याचं जुनं, ओळखीचं कारण हीच नळी आहे, आणि तिच्याबद्दलचे गैरसमजही तितकेच जुने आहेत.

‘गाडी उभीच असते, मग धोका कसला?’ हा त्यातला सगळ्यात घातक. बीटलची सुमारे ४० लिटरची टाकी पुढे, इंजिन मागे. टाकीतलं पेट्रोल गाडीच्या पोटातल्या बोगद्यातून लोखंडी पाइपाने गिअरबॉक्सपर्यंत येतं आणि तिथे रबरी नळीचा तुकडा जोडलेला असतो. हा तुकडा टाकीपेक्षा खाली आहे. तो चिरला तर इंजिन बंद असलं, चावी खिशात असली, तरी पेट्रोल आपल्या वजनाने वाहत राहतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे बेसमेंट पार्किंगमध्ये ती जमिनीलगत साचते. शिवाय रबर किलोमीटरने म्हातारं होत नाही. उष्णता, हवा आणि काळ त्याला कडक करतात. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदलेली, पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे अशी गाडी उभी राहणारच. ‘कमी चालते’ म्हणून नळीची तपासणी पुढे ढकलणं म्हणूनच उलटं आहे.

उपनगरांतल्या कितीतरी जुन्या मेकॅनिकांचा हात कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनी मोटारीवर बसलेला. तिचं इंजिन पुढे आणि पाण्याने थंड होणारं. बोनेट उघडलं की पंप, कार्बोरेटर आणि त्यांच्यामधली नळी समोर. बीटलचं मागचं झाकण उघडल्यावर मात्र अर्धीच गोष्ट दिसते. गिअरबॉक्सजवळचा तुकडा पाहायला गाडी रॅम्पवर चढवावी लागते. इंजिनाच्या पुढच्या पत्र्यातून पाइप जातो तिथलं रबरी ग्रोमेटही बघायला हवं. ते गळून पडलं असेल तर कंपनांमुळे पाइप आणि पत्रा एकमेकांना खात राहतात.

‘हवेने थंड होणारं इंजिन, त्यामुळे आत तापत नाही’ हेही खरं नाही. पंख्याची हवा सिलिंडरांसाठी असते. पंप डिस्ट्रिब्युटरला लागून बसलेला, म्हणजे ठिणगी आणि पेट्रोल शेजारी. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर मे महिन्यात गाडी रखडली की त्या बंदिस्त जागेतल्या रबराचं काय होत असेल, याचा विचार करा.

आता नळीची निवड. स्कूटरला लावतात ती पारदर्शक प्लास्टिकची नळी स्वस्त आहे, आतलं पेट्रोलही दिसतं, म्हणून सर्रास बसवली जाते. पेट्रोल तिच्यातला मऊपणा शोषून घेतं. ती पिवळी, कडक होते आणि टोकाशी सैल पडते. बाहेरून कापडी विणीची नळी मूळच्या गाडीसारखी दिसते, पण विणीखालची चीर दिसत नाही. दिसण्यावर जाऊ नका, नळीवर छापलेलं वाचा. ‘एसएई जे३० आर९’ असं लिहिलेल्या नळीला आतून फ्लुओरो-रबराचं अस्तर असतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याला हे अस्तर टिकतं. इथेनॉलने एका रात्रीत नळ्या विरघळतात ही अफवा आहे. पण जुन्या रबराला ते फुगवतं, मऊ करतं, आणि हवेतली ओलही ओढून घेतं. मुंबईच्या पावसाळ्यात या ओलीमुळे टाकीत आणि लोखंडी पाइपात गंज धरतो.

मापातही गफलत होते. बीटलची मूळ नळी आतून साधारण ५ मिलिमीटरची. दुकानात सहज मिळणारी पाव इंची नळी ६ मिलिमीटरहून मोठी पडते, मग सैलपणा क्लिप आवळून झाकला जातो. ‘जितकी घट्ट तितकी सुरक्षित’ हा समज इथेच नुकसान करतो. खाचा असलेल्या पट्टीची स्क्रू-क्लिप जोरात आवळली की खाचांच्या कडा रबर कापतात. कडा बाहेर वळवलेली, खाचा नसलेली, नेमक्या मापाची क्लिप घ्या. नळी धारदार पात्याने सरळ कापा, पाइपावर दोन-अडीच सेंटिमीटर चढवा आणि क्लिप बेताने आवळा. माझ्या मते मुंबईत चार वर्षांनी सगळे तुकडे एकदम बदलावेत. एकूण लागते जेमतेम दोन-तीन फूट नळी.

पेट्रोल फिल्टर पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये लटकवण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी. कार्बोरेटरमधली पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते. फिल्टरचं वजन आणि कंपनं तिला सैल करतात, आणि ती निसटली तर पंप पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर ओततो. फिल्टर टाकीखाली बसवा.

शेवटचा समज, पाणी ओतलं की आग विझते हा. बीटलचा क्रँककेस मॅग्नेशियम मिश्रधातूचा आहे. तो पेटल्यावर पाणी टाकलं तर आग भडकते. सुरुवातीची पेट्रोलची आग पावडरच्या अग्निशामकाने विझू शकते, म्हणून तो ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा. पांढराशुभ्र, डोळे दिपवणारा जाळ दिसला की माणसांना लांब न्या, १०१ला फोन करा आणि जवानांना इंजिन मॅग्नेशियमचं आहे हे आधी सांगा.