आभासी विश्व-सर्व्हर, मुक्तस्रोत

संगणकाच्या साहाय्याने निर्माण केलेल्या त्रिमितीय जगात एकाच वेळी अनेक व्यक्तींना वावरता यावे, परस्परांशी बोलता यावे आणि वस्तू उभारता याव्यात, यासाठी मध्यवर्ती संगणकावर चालविण्यात येणाऱ्या सॉफ्टवेअरला आभासी विश्व-सर्व्हर म्हणतात. ज्याची मूळ आज्ञावली कोणासही वाचता, बदलता व पुन्हा वितरित करता येते, तो मुक्तस्रोत होय. ओपनसिम्युलेटर (संक्षेपाने ओपनसिम) हे या वर्गातील एक प्रमुख सॉफ्टवेअर आहे. प्रस्तुत नोंदीत त्याची वैशिष्ट्ये दिली असून, स्पष्टीकरणासाठी रायगड जिल्ह्यातील पनवेलजवळचा कर्नाळा किल्ला व त्याचा परिसर आभासी रूपात उभारावयाचा आहे, असे उदाहरण घेतले आहे.

इतिहास : लिंडन लॅब या अमेरिकी कंपनीने २००३ मध्ये सेकंड लाइफ हे आभासी विश्व लोकांस खुले केले. त्यातील भूमी व इमारती रहिवासी स्वतः घडवीत. तथापि हे सर्व कंपनीच्याच संगणकांवर राही. जानेवारी २००७ मध्ये कंपनीने आपल्या दर्शकाची (व्ह्यूअरची), म्हणजे वापरणाऱ्याच्या संगणकावर दृश्य दाखविणाऱ्या भागाची, मूळ आज्ञावली खुली केली. सर्व्हरची आज्ञावली मात्र बंदच राहिली. त्याच महिन्यात डॅरेन गार्ड यांनी तशाच दर्शकास जोडता येईल असा स्वतंत्र सर्व्हर लिहिण्यास प्रारंभ केला. तोच ओपनसिम होय. तो सी-शार्प या भाषेत लिहिला असून बीएसडी परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहे. जुलै २००८ मध्ये आयबीएम व लिंडन लॅब यांनी सेकंड लाइफच्या चाचणी-जाळ्यातून ओपनसिम सर्व्हरवर अवतार पाठविण्याचा प्रयोग जाहीर केला. या जगात व्यक्तीचे जे प्रतिरूप वावरते त्यास अवतार म्हणतात. संस्कृतातील हा शब्द संगणकक्षेत्रात जगभर रूढ झाला आहे.

भूमी : ओपनसिममधील भूमीचे एकक म्हणजे क्षेत्र (रीजन). त्याचा मूळ आकार २५६ × २५६ मी. असतो. क्षेत्राच्या प्रत्येक चौरस मीटरास एक उंची दिलेली असते. म्हणजे एका क्षेत्राचा उंचसखलपणा ६५,५३६ अंकांत सामावतो. कर्नाळा अभयारण्याचे क्षेत्रफळ सु. १२·११ चौ. किमी. आहे. ते पूर्ण आकारात उभारावयाचे झाल्यास अशी सु. १८५ क्षेत्रे लागतील. ती एकमेकांस लागून मांडली असता अवतारास एकातून दुसऱ्यात चालत जाता येते. नंतरच्या आवृत्त्यांत २५६ मी.च्या पटीतील मोठी क्षेत्रेही निर्माण करता येऊ लागली, त्यामुळे सीमा ओलांडताना येणारा अडथळा कमी झाला.

वस्तू व हालचाल : घन, गोल, चिती, शंकू यांसारखे मूलाकार (प्रिम) ताणून, वळवून, पोकरून व जोडून वस्तू तयार करतात. कर्नाळ्याच्या माथ्यावरील सु. ३८ मी. उंचीचा सुळका स्थूलमानाने एका ताणलेल्या मूलाकारानेही दाखविता येईल. अधिक बारकाव्यासाठी अन्य सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेली जाळीरूप प्रतिकृती (मेश) आणता येते. पृष्ठभागांवर छायाचित्रे चढविता येतात; फलकावरील देवनागरी मजकूरही चित्ररूपाने बसविता येतो. गुरुत्व, टक्कर व घसरण यांचे गणित भौतिकी-यंत्रणा करते. तीसाठी बुलेटसिम, यूबीओडीई यांसारखे पर्याय असून सर्व्हर चालविणारा त्यांतून निवड करतो.

वस्तूंना वर्तन देण्यासाठी स्क्रिप्ट (लघु-आज्ञावली) लिहितात. स्क्रिप्ट घटनांवर अवलंबून असते. उदा., अवताराने दरवाजास स्पर्श केला म्हणजे तो उघडावा, अथवा खडकात खोदलेल्या टाक्याजवळ कोणी आले असता त्याची माहिती द्यावी. यासाठी सेकंड लाइफची एलएसएल ही भाषा स्वीकारली असून तीत ओपनसिमने स्वतःच्या आज्ञांची भर घातली आहे. या आज्ञांद्वारे मानवाविना चालणारे अवतारही निर्माण करता येतात. काही आज्ञा घातक ठरू शकत असल्याने त्यांना धोक्याच्या श्रेणी दिलेल्या आहेत, आणि कोणत्या श्रेणीपर्यंत मुभा द्यावयाची हे चालक ठरवितो.

रचना : ओपनसिम दोन प्रकारे चालविता येते. एकल पद्धतीत सर्व कामे एकाच संगणकावर होतात. शाळेतील वर्गासाठी किंवा घरगुती प्रयोगासाठी ती पुरेशी असते. ग्रिड (जाळे) पद्धतीत खाती, ओळखपडताळणी, साहित्यसाठा व क्षेत्रांची नोंद या सेवा मध्यवर्ती ठेवून क्षेत्रे निरनिराळ्या संगणकांवर चालवितात. माहिती साठविण्यासाठी एसक्यूलाइट, मायएसक्यूएल अथवा पोस्टग्रेएसक्यूएल यांचा उपयोग होतो. ध्वनिसंभाषण, चलन इ. सोयी जोड-घटकांद्वारे मिळतात. अंगभूत असे चलन ओपनसिममध्ये नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतील प्राध्यापिका क्रिस्टिना लोपेस यांनी २००८ मध्ये हायपरग्रिड ही योजना आणली. तिच्यामुळे एका चालकाच्या जाळ्यातील अवतार आपली ओळख व सामग्री घेऊन दुसऱ्याच्या जाळ्यात जाऊ शकतो. म्हणजे कर्नाळ्याची प्रतिकृती पनवेलमधील एखाद्या महाविद्यालयाच्या संगणकावर असली, तरी परदेशातील जाळ्यावर खाते असलेल्या व्यक्तीला नवे खाते न काढता तेथे येता येईल.

जतन व मालकी : आभासी विश्वाला प्रत्यक्ष जागा लागते, ती सर्व्हरची. पनवेल येथे २०२० मध्ये सुरू झालेल्या योट्टा एनएम१ सारख्या विदा केंद्रांत (डेटा सेंटरांत) असे संगणक हजारोंच्या संख्येने सामावू शकतात. ते ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती त्या विश्वाचे आयुष्य असते. गूगलने जुलै २००८ मध्ये सुरू केलेले लाइव्हली हे आभासी विश्व त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबर रोजी बंद केले. अशा वेळी रहिवाशांनी केलेली रचना अन्यत्र उभी करता येत नाही, कारण ती चालविणारा सर्व्हर त्यांच्यापाशी नसतो.

ओपनसिममध्ये संपूर्ण क्षेत्र, त्यातील भूमी, वस्तू, चित्रे व स्क्रिप्टांसह, ओएआर या एकाच संचिकेत साठविता येते व दुसऱ्या संगणकावर पुन्हा उभारता येते. व्यक्तीच्या सामग्रीसाठी आयएआर ही तशीच संचिका असते. तथापि केवळ परवाना मुक्त असणे पुरेसे नाही. २००७ पासून चालत आलेल्या ओएसग्रिड या जाळ्याची साठवणयंत्रणा २०१४ मध्ये बिघडली व ते काही महिने बंद राहिले. ज्यांनी आपल्या क्षेत्रांच्या संचिका स्वतंत्रपणे राखल्या होत्या, त्यांना ती अन्यत्र उभारणे शक्य होते. सोय सॉफ्टवेअर देते. जतनाची जबाबदारी मात्र वापरणाऱ्यावरच राहते.

मर्यादा : प्रत्येक अवताराची हालचाल इतर सर्वांना कळवावी लागते. एका क्षेत्रात १० अवतार असता असे ९० संदेश, तर १०० असता ९,९०० संदेश होतात. म्हणून गर्दी वाढताच गती मंदावते. जाळ्याच्या चालकास साठवलेले सर्व साहित्य पाहता येत असल्याने निर्मात्याने घातलेली नक्कल-बंदी विश्वासावरच अवलंबून असते. विकास मुख्यतः स्वयंसेवकांच्या श्रमावर चालतो. इतके असूनही किल्ले, वाडे, गावठाणे यांच्या प्रतिकृती शाळा-महाविद्यालयांना अल्प खर्चात उभारता याव्यात आणि त्या उभारणाऱ्यांच्याच मालकीच्या राहाव्यात, या दृष्टीने हे सॉफ्टवेअर महत्त्वाचे आहे.