विमानाच्या लाकडाची पारख

बैलगाडीचे चाक करायचे तर लाकूड कोणते घ्यावे, हे आपल्या गावच्या सुतारमेटाला कोणी सांगावे लागत नाही. तुंबा आणि आरे बाभळीचे, घराची दारे-चौकटी सागाच्या, हा हिशेब बापजाद्यांपासून ठरलेला आहे. पण उद्या कोणी त्याला विचारले, की "मेट, विमानाला लाकूड कोणते लागते?" तर तो हसेल. आपणही हसू. विमान म्हणजे पत्रा, विमान म्हणजे ॲल्युमिनियम, अशी आपली समजूत.

पण सभासद बंधूंनो, विमान जन्माला आले ते लाकडाचेच. राइट बंधूंनी १९०३ साली जे पहिले विमान उडवले, त्याचा सांगाडा स्प्रूस आणि ॲश या दोन झाडांच्या लाकडाचा होता आणि वर मलमलीसारखे सुती कापड ताणलेले होते. आणि आजही, विशेषतः अमेरिकेत, हौशी माणसे घराच्या मागच्या शेडमध्ये लाकडी विमान बांधतात, सरकारी तपासणी करून घेतात आणि त्यात बसून उडतात. तिथला नियम असा, की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलेले असले पाहिजे. ही माणसे लाकूड कसे पारखतात आणि कोठून आणतात, ते या लेखात आम्ही मांडत आहोत. विषय लांबचा आहे खरा. पण त्यातले बरेचसे आपल्या वखारीत आणि आपल्या अंगणात उपयोगी पडण्यासारखे आहे.

शेतकरी मुलखातले विमान

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात चेरी ग्रोव्ह नावाचे लहानसे खेडे आहे. सभोवार शेती. तिथे बर्नार्ड पीटेनपॉल नावाचा एक मेकॅनिक होता. शिक्षण बेताचे, विद्या सगळी हाताने मिळवलेली. त्याने १९२९ साली 'एअर कॅम्पर' नावाचे दोन माणसांचे विमान उडवले. सांगाडा लाकडी, वर कापड, आणि इंजिन कोणते? तर फोर्डच्या मॉडेल-ए मोटारीचे! मोटारीच्या इंजिनावर विमान चालणे शक्य नाही, असे एका मासिकाच्या संपादकाचे मत होते. गडी भांडत बसला नाही. १९३० साली विमान थेट मिनीॲपोलिसला उडवत नेले आणि दाखवले. मग त्याच मंडळींनी त्याचे नकाशे छापले. त्या नकाशांवरून आजही जगभर लोक हे विमान बांधतात.

या विमानाच्या पंखाची सगळी भिस्त दोन आडव्या तुळयांवर असते. एक पुढे, एक मागे. तुळई म्हटले तरी ती केवढी? एक इंच जाड आणि पावणेपाच इंच रुंद! घराच्या माळ्याची तुळई पाहा आणि ही पाहा. एवढ्याशा काठीवर दोन जीव हवेत लटकलेले असतात. म्हणूनच ती फळी निवडताना इतका काथ्याकूट.

टनेज आणि उतारा

मग बाभूळ का नको, साग का नको? बाभूळ तर लोखंडासारखी. याचे उत्तर ऊस उत्पादकाला चटकन समजेल. नुसते टनेज वाढले म्हणजे साखर वाढली असे होत नाही. उतारा पाहावा लागतो. विमानाच्या लाकडाचेही तसेच. नुसती ताकद पाहायची नाही, एक किलो वजनामागे ताकद किती मिळते ते पाहायचे.

या हिशेबात सिटका स्प्रूस हे झाड पहिल्या नंबरचे मानले गेले. वाळलेल्या स्प्रूसचे वजन घनफुटाला साधारण १३ किलो. सागाचे १८ किलोच्या आसपास, बाभूळ त्याहून जड. स्प्रूस इतके हलके असून चिवट, सरळ धाग्याचे, रंध्याखाली नीट चालणारे आणि चिकटवायला चांगले. डग्लस फर नावाचे दुसरे झाड ताकदीला याहूनही सरस आहे, पण जड पडते आणि चिरते लवकर. हेमलॉक हेही चालते. पांढरा पाइन मऊ. तो वापरायचा तर तुळईचे माप वाढवावे लागते. सारांश, दुसरे लाकूड चालते, पण माप आणि वजन यांचा हिशेब नव्याने करूनच.

फळी हातात घेतल्यावर

झाड चांगले म्हणजे त्याची प्रत्येक फळी चांगली असे नव्हे. एकाच बेटातले सगळे ऊस तरी कुठे सारखे असतात? पारखीच्या खुणा आहेत त्या अशा :

पहिली खूण वर्तुळांची. फळीचे तोंड रंधून साफ करावे आणि इंचात वाढीची वर्तुळे किती ते मोजावे. स्प्रूसला इंचात निदान सहा पाहिजेत. वर्तुळे विरळ असली तर झाड भराभर वाढलेले आणि लाकूड पोचट असण्याचा संभव. डग्लस फरला हीच अट आठची आहे.

दुसरी खूण धाग्याची, आणि ही सर्वांत मोठी. लाकडाचा धागा फळीच्या लांबीबरोबर सरळ गेला पाहिजे. थोडा तिरपा असला तर नियम असा, की पंधरा इंच लांबीत एक इंचापेक्षा जास्त कलता कामा नये. अमेरिकेत मॅडिसन येथे सरकारची लाकूड संशोधन प्रयोगशाळा आहे. तिथले आकडे बोलके आहेत. सरळ धाग्याच्या फळीची वाकण्याला विरोध करण्याची ताकद १०० धरली, तर पंधरात एक कलाला ती ८९ राहते, दहात एक कलाला ८१ आणि पाचात एक कलाला अवघी ५५! फळी वरून तशीच गोरीगोमटी, पण ताकद जवळजवळ निम्मी गेलेली.

हा कल डोळ्यांना नेहमी दिसत नाही, आणि वर्तुळाच्या रेघा पाहून फसगतही होते. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. फाउंटन पेनच्या शाईचा एक थेंब फळीवर टाकावा. शाई धाग्याच्या दिशेने पसरते आणि कल दाखवते. दुसरी युक्ती म्हणजे फळीच्या टोकाचा तुकडा छिन्नीने फोडून पाहणे. करवत खोटे बोलते, फोडलेले लाकूड खरे बोलते.

तिसरी खूण गाठींची. गाठ स्वतः फारशी वाईट नसते. वाईट असते ती गाठीभोवतीची धाग्याची वळणे. बारीक, घट्ट गाठ ठरावीक जागी चालते, सैल किंवा काठावरची मोठी गाठ चालत नाही. निळसर डाग असला तर घाबरू नये, पण तो कुजण्याचा नाही याची खात्री करावी. कुजकी फळी मात्र सरळ बाजूला.

चौथी खूण सर्वांत फसवी. वादळात झाड फार वाकले किंवा तोडताना दगडा-ओंडक्यावर आपटले, तर आतला धागा दाबाने चुरतो. फळीवर आडवी, केसासारखी बारीक सुरकुती दिसते. ती दिसावी म्हणून अंधारात बॅटरीचा झोत फळीला घासून तिरपा टाकतात. अशी फळी वजन न झेपून वाकत नाही, गाजरासारखी कटकन तुटते. वाऱ्याने लोळलेला ऊस वरून हिरवा दिसतो, पण आतून बिघडलेला असतो. तसाच हा प्रकार. अशा फळीला विमानात मुळीच जागा नाही.

पाण्याचा हिशेब

पाचवी गोष्ट ओल. विमानाच्या लाकडात ओलीचा अंश ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान हवा. तो कसा काढायचा? आपल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतील मंडळींना ही रीत नवी नाही. फळीचा लहान तुकडा कापून वजन करायचा. मग १०० ते १०५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत, वजन उतरायचे थांबेपर्यंत वाळवायचा. पुन्हा वजन. तुकडा आधी ११२ ग्रॅम आणि नंतर १०० ग्रॅम भरला, तर ओल १२ टक्के. फरकाला सुक्या वजनाने भागायचे, ओल्या वजनाने नव्हे. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

लाकूड एकदा वाळले की काम संपले असेही नाही. ते हवेतली ओल पुन्हा शोषते, फुगते, उन्हाळ्यात आखडते. आणि फुगण्या-आखडण्यात सर्वांत जास्त ताण कोणावर? सांध्यांवर.

या ठिकाणी दोन घटना सांगितल्या पाहिजेत. ३१ मार्च १९३१ रोजी अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात एक प्रवासी विमान पंख तुटून पडले. आतले आठही जण गेले. त्यांत नूट रॉकनी हे त्या देशाचे नामांकित फुटबॉल प्रशिक्षक होते. पंख लाकडी आणि वरून प्लायवूडने बंद. आतल्या सांध्यांत ओल शिरून चिकटवण दुबळे झाले होते, आणि पंख उघडल्याशिवाय ते दिसण्याची सोय नव्हती. त्यानंतर प्रवासी विमाने झपाट्याने धातूकडे वळली.

दुसरी घटना आपल्याच देशातली. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचे मॉस्किटो नावाचे लाकडी लढाऊ विमान गाजले. ती विमाने इकडे आली आणि १९४४ साली काही विमानांचे पंख हवेत निकामी झाले. नोव्हेंबर १९४४ मध्ये ती तपासणीसाठी जमिनीवर ठेवावी लागली. आधी दोष आपल्या उन्हाला आणि दमट हवेला दिला गेला. पुढे तपासात चिकटवण्याचे कामच काही ठिकाणी कच्चे असल्याचे दिसून आले.

चिकटवण्याचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. त्या काळी विमानांना दुधातल्या केसीनचा सरस फार वापरत. दुधाचाच पदार्थ तो, ओल लागली की बुरशी धरणार. आता विमानाच्या कामात तो बाद ठरला आहे. रिसॉर्सिनॉल किंवा इपॉक्सी वापरतात. शिवाय सांगाड्याच्या प्रत्येक खोलगट जागी पाणी निघून जायला छिद्र ठेवतात, आत वॉर्निश देतात आणि आतले सांधे पाहण्यासाठी झडपा ठेवतात.

लाकूड आणायचे कोठून?

सिटका स्प्रूस वाढते ते उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, अलास्कापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंतच्या चिंचोळ्या, धुक्याच्या पट्ट्यात. दाट जंगलात सावकाश वाढलेले, शेकडो वर्षांचे झाड हवे. त्याच्या ओंडक्यातूनही विमानाच्या प्रतीचे लाकूड थोडेच निघते. पहिल्या महायुद्धात या लाकडाची एवढी निकड लागली, की १९१७ साली अमेरिकेने खास स्प्रूस तोडणारे लष्करी दल उभे केले. २८ हजारांवर सैनिक कुऱ्हाड-करवत घेऊन जंगलात गेले. त्याच धामधुमीत, १९१८ साली, तिथल्या लाकूडतोड्यांना आठ तासांचा दिवस मिळाला, हेही नमूद करण्यासारखे आहे.

आज हौशी माणसापुढे दोन वाटा असतात. एक, विमानाचे सामान विकणाऱ्या दुकानातून प्रतीचा दाखला असलेले लाकूड मागवणे. महाग पडते, लांबीप्रमाणे भाडेही वाढते. दुसरी वाट, गावच्या वखारीत जाऊन थप्पीतली एकेक फळी उलटीपालटी करून डग्लस फर किंवा हेमलॉक निवडणे. शंभर फळ्या पाहाव्यात तेव्हा दोन-चार हाती लागतात. वखारवाला वैतागतो, म्हणून जाणते लोक त्याची थप्पी परत नीट लावून देतात. लागेल त्यापेक्षा जास्त घेतात, कारण रंधल्यावर दोष बाहेर येतात. पूर्ण लांबीची फळी मिळाली नाही, तर दोन तुकडे तिरकस सांध्याने जोडतात. एक इंच जाडीला दहा ते बारा इंच लांबीचा सांधा. आणि दाखला असला तरी शाईचा थेंब टाकतातच. कागद विमान उचलून धरत नाही.

आपला संबंध

विमानाशी आपल्या मुलखाचा संबंध नाही असे कोणी समजू नये. १९४० साली बंगलोरला विमानाचा कारखाना काढणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरचे; रावळगाव आणि वालचंदनगर येथील साखर कारखानेही त्यांचेच. त्या विमान कारखान्यात ग्लायडरचा आणि पुढे १९५१ साली उडालेल्या एचटी-२ विमानाचा आराखडा करणारे डॉ. विष्णू माधव घाटगे हे गडहिंग्लज भागातले. पुढे १९६१ साली दिल्लीत तयार झालेले रोहिणी ग्लायडर लाकडी बांधणीचेच होते.

आता आपल्या सभासदांनी यातून घ्यायचे काय? घराच्या तुळया, दारे, गाडीचे जू, गोठ्याचे वासे यांसाठी आपण दरवर्षी पैसा खर्च करतो. वखारीत जाल तेव्हा फळीचे तोंड पाहा, धाग्याचा कल पाहा, शाईचा थेंब टाका, हिरवे लाकूड वाळल्याच्या भावाने घेऊ नका. वर्तुळे मोजण्याचा नियम मात्र स्प्रूस-पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांचा आहे. सागाला तो जसाच्या तसा लावू नये. आणि जिथे पाणी मुरते तिथे वाट करून द्या, मग ते घराचे छप्पर असो की गाडीचे साटे.

ज्यांची मुले आयटीआयला किंवा इंजिनिअरिंगला आहेत, त्यांनी हा अंक मुलांच्या हाती जरूर द्यावा. आणि गावच्या सुतारमेटालाही वाचून दाखवावा. वर्तुळे आणि टक्के त्याला नवे असतील. पण धागा पाहून फळी बाजूला काढण्याची नजर त्याच्याजवळ आधीपासूनच आहे.