घरची वस्तू ठरवा बुरूडाच्या ओट्यावर बसून

घरातलं सूप एकदा हातात घेऊन नीट पाहा. तीन बाजूंनी उभी कड, पुढची बाजू मोकळी. वीण इतकी घट्ट, की ज्वारीचा दाणा खाली पडत नाही. वजन इतकं हलकं, की घरची बाई तासभर पाखडत बसली तरी मनगट भरून येत नाही. एका झटक्यात फोल पुढे जातं आणि दाणा मागे राहतो. या वस्तूचा नकाशा कोणत्या इंजिनिअरने काढला? कोणीच नाही. वापरणाऱ्या बायांनी बुरूडाला सांगितलं, बुरूडाने कड थोडी वाकवली, पुढच्या पिढीने आणखी थोडी. असं करत करत सूप घडलं.

आणि हे सूप नुसतं कामापुरतं नाही. बाळ जन्मलं की सूप लागतं, लग्नात सूप आणि दुरड्या लागतात, आणि शेवटच्या प्रवासाची तिरडीही बांबूचीच. कामाची वस्तू आणि मनाची वस्तू वेगळी नसते, हे आपल्या वऱ्हाडातल्या घरांना शिकवावं लागलं नाही.

१९५८ साली चार्ल्स व रे ईम्स हे अमेरिकन जोडपं सरकारच्या निमंत्रणावरून भारतात फिरलं. खुर्च्या आणि घरच्या वस्तू आखण्यात त्यांचं जगभर नाव होतं. त्यांनी सरकारला जो अहवाल दिला, त्यात सर्वात जास्त कौतुक केलं ते आपल्या साध्या लोट्याचं. लोट्यात पाणी किती मावतं, तो कमरेवर कसा बसतो, हाताला कसा लागतो, धार कशी पडते, किंमत काय, असे कितीतरी प्रश्न त्यांनी मांडले. एवढ्या साऱ्या प्रश्नांची उत्तरं एका माणसाने दिलेली नाहीत, अनेक पिढ्यांनी मिळून दिली, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. म्हणजे शिकलेल्या लोकांचं शास्त्र सुरू झालं ते तुमच्या-आमच्या घरच्या लोट्यापासून.

बैठक कुठे मोडली?

मग आज आपल्या तालुक्यात चित्र काय आहे? बाजाराच्या दिवशी संग्रामपूर, सोनाळा, वरवट बकाल कुठेही जा. प्लास्टिकची टोपली, प्लास्टिकचं सूप, प्लास्टिकची खुर्ची. स्वस्त पडते, हे खरं. पण खुर्चीचा पाय मोडला तर तो गावात कोणी जोडून देत नाही. उन्हात पडून टोपली तडकली की ती उकिरड्यावर जाते. आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे, ती कशी असावी हे तुम्हाला कोणी विचारलेलं नसतं. म्हाताऱ्या माणसाला उठता-बसता येईल एवढी उंची आहे का, हात टेकायला जागा आहे का, हा विचार दूरच्या कारखान्यात होत नाही.

पूर्वी बंडीचे तट्टे, कणगी, कोंबड्यांचं डालं, टोपलं हे सारं बुरूडाला सांगून करून घेत. बाज सुताराकडे ठोकून घेत. वापरणारा आणि घडवणारा समोरासमोर बसत. ही बैठक मोडली. कारागिराचं पोट गेलंच, पण आपलंही सांगण्याचं काम गेलं. बुरूडाचा मुलगा आज मजुरीला पुण्या-मुंबईला जातो आणि बापाच्या हातातली वीण बापासोबतच संपते. अशी कला एकदा गेली की पैसे मोजून परत आणता येत नाही.

जिथे तिघं एकत्र बसले

ही बैठक पुन्हा मांडता येते, याचे दाखले आपल्या विदर्भातच आहेत. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. हेच पुढे सेवाग्राम झालं. तिथली बापू कुटी ज्यांनी पाहिली त्यांना आठवेल: माती, लाकूड, बांबू आणि कवेलू. बसायला चटई, लिहायला बुटकं डेस्क. मीराबेन यांनी मातीच्या भिंतीवरच उठावाची झाडं आणि चरखा काढला. हात गावच्या माणसांचे, सामान आसपासचं आणि आखणी राहणाऱ्याच्या गरजेची. म्हणून ती झोपडी साधी असूनही पाहणारा तिथे गप्प उभा राहतो.

दुसरा दाखला सातपुड्याच्या त्या अंगाचा. अमरावती जिल्ह्यात धारणी तालुक्यात लवादा इथे सुनील व निरुपमा देशपांडे या दांपत्याने १९९० च्या दशकात संपूर्ण बांबू केंद्र सुरू केलं. मेळघाटातल्या कोरकू आणि इतर कारागिरांना सोबत घेऊन तिथे बांबूचं फर्निचर, घरं, घरच्या वस्तू, राख्या घडू लागल्या. सुनील देशपांडे २०२१ मध्ये गेले, पण त्यांनी दाखवलेला रस्ता मोकळा आहे. कारागिराचा हात आणि शिकलेल्या माणसाची आखणी एकत्र आली की टोपली विणणारा माणूस खुर्चीही करू शकतो आणि घरही उभारू शकतो.

तिसरा दाखला कोकणातला. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळला कोनबॅक ही संस्था तिथल्या माणगा जातीच्या बांबूपासून फर्निचर आणि घरं तयार करते. बांबू शेतकऱ्याचा, हात गावचे, आखणी जाणकारांची.

आधी अटी लिहा, मग वस्तू

इथे एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी अशा होत्या: यंत्र हलकं असावं आणि खेड्यातल्या झोपडीत चालावं. बाईला फार श्रम न होता सलग आठ तास काम करता यावं. किंमत १५० रुपयांवर जाऊ नये. नीट निगा राखली तर किमान २० वर्षं टिकावं. जगभरातून यंत्रं आली, आपल्या किर्लोस्करवाडीहूनही गेलं. सर्व अटींना कोणी उतरलं नाही आणि बक्षीस कोणालाच मिळालं नाही.

बक्षीस गेलं तरी त्या अटींचा कागद आजही शिकण्यासारखा आहे. त्यात यंत्र कसं दिसावं हे नाही. वापरणाऱ्या बाईच्या पाठीला, खिशाला आणि घराला काय झेपेल, हे आहे. वस्तू ठरवायची ती अशी.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांनी) एवढं करून पाहावं. अंगणवाडीला छोट्या खुर्च्या हव्या असतील तर यादी पाहून मागवण्याआधी गावच्या सुताराला आणि बुरूडाला, अंगणवाडी सेविकेला आणि दोन-चार आयांना एकत्र बसवा. एका कागदावर पाच गोष्टी लिहा:

१. वापरणार कोण? लेकरू, बाळंतीण, म्हातारं माणूस की कार्यालयात येणारा शेतकरी?
२. माप काय? छापील मापावर जाऊ नका. जमिनीपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत मोजा, तीच बैठकीची उंची.
३. ठेवणार कुठे? ओल्या जमिनीवर, उन्हात की आत? उचलणार कोण?
४. मोडली तर गावात दुरुस्त होईल का?
५. किंमत किती आणि किती वर्षांसाठी?

मग एकच नमुना करून घ्या आणि महिनाभर वापरा. लेकराला टोचतं का, डुगडुगते का, ते पाहा, दुरुस्ती सांगा आणि त्यानंतरच बाकीच्या सांगा. नमुन्याची मजुरी वेगळी द्या. कारागिराचं डोकं फुकट आणि हात तेवढे विकत, ही सवय सोडली पाहिजे. खरेदीचे नियम पाळूनच हे करायचं, म्हणून पंचायत समितीत आधी विचारून घ्या.

बांबू कोणता, कसा?

आपल्या भागाचा बांबू म्हणजे मानवेल. तो जवळजवळ भरीव असतो, म्हणून खुर्चीच्या पायाला उत्तम. तीन वर्षांवरचा, पक्का झालेला बांबू हिवाळ्यात तोडावा. कोवळ्या बांबूत पिठूळ अंश जास्त, त्याला भुंगा लागतो आणि खुर्चीखाली पांढरी भुकटी पडू लागते. तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवणं हा जुना उपाय. बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्याची प्रक्रिया हा नवा. तिचं प्रमाण जाणकाराकडूनच घ्यावं. चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल. अशी प्रक्रिया केलेली वस्तू पावसात ठेवू नये. आणि सूप, दुरडी अशा धान्याला लागणाऱ्या वस्तूंना हे औषध मुळीच लावू नका.

बांबूला सरळ खिळा ठोकला की तो चिरतो. आधी भोक पाडा, बांबूचीच खुंटी मारा किंवा पक्की बांधणी करा. सांधा पेराजवळ येऊ द्या.

आता बांबू आणायचा कुठून? आपल्या तालुक्यातलं अंबाबरवा १९९७ पासून अभयारण्य आहे, सुमारे १२७ चौरस किलोमीटरचं. तिथून बांबू तोडण्याचा विचारही करू नका. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या गावांची गोष्ट वेगळी. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २०११ मध्ये आपल्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या हाती घेतला. पण आपल्यासाठी सोपा रस्ता धुऱ्याचा आहे. बांबू हे खरं तर गवत. तरी १९२७ च्या वन कायद्यात तो झाड म्हणून मोजला जाई आणि वावरातला बांबू तोडायलाही अडचण येई. २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेर लावलेला बांबू या व्याख्येतून निघाला. ही गोष्ट अजून कित्येकांना ठाऊक नाही.

तेव्हा पायथ्याकडच्या निचऱ्याच्या जमिनीत धुऱ्यावर पाच-दहा बेटं लावून पाहा. पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यात आणि पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत मात्र घाई नको. तिथे आधी माती दाखवा. रोपांसाठी सध्या कोणती योजना चालू आहे, ते कृषी विभागात आणि सामाजिक वनीकरणात विचारा. बेट तोडणीला यायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर बुरूड टिकला पाहिजे. तो टिकायचा तर काम आजच द्यावं लागेल.

येत्या लग्नसराईत लेकीला फर्निचर द्यायचं असेल, आजीच्या बाजेची उंची वाढवायची असेल किंवा शाळेला पुस्तकांची मांडणी हवी असेल, तर शहरातल्या दुकानात जाण्याआधी एकदा गावच्या सुताराच्या, बुरूडाच्या ओट्यावर जाऊन बसा. काय हवं ते सांगा, तो काय म्हणतो ते ऐका. आपल्या आज्यांनी सूप असंच घडवलं.